कुंडीत जोमानं वाढलेलं टोमॅटोचं रोप वाफ्यात लावलं की मान का टाकतं?

तक्रार दर वर्षी तीच असते, आणि साधारण दसऱ्यानंतर सुरू होते. पाऊस ओसरतो, अंगणातला वाफा मोकळा होतो, गच्चीवरच्या कुंड्यांतली टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं गुडघ्याला लागलेली असतात. आता जमिनीत लावली तर मोकळी वाढतील म्हणून आपण ती खाली आणतो. पहिले दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी पानं लोंबतात. पाणी घालतो, संध्याकाळी रोप जरा उठतं. आठव्या दिवशी मात्र ते सकाळीसुद्धा उठत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, जागा बदलली की झाड रुसतं. दुकानातून मर रोगाची पुडी येते. आणि आपण पाणी आणखी वाढवतो.

माझी सलग दोन वर्षं अशीच गेली. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमधून शहराच्या कडेला पाचगावच्या बाजूला घर बांधून राहायला आलो, तेव्हा दारात पहिल्यांदाच दहा बाय पंधरा फुटांची स्वतःची माती मिळाली. काळीभोर, भारी माती. बारा कुंड्यांतली टोमॅटोची रोपं त्यात लावली, त्यातली नऊ गेली. दुसऱ्या वर्षी पाणी दुप्पट केलं, तरी तेच. तिसऱ्या वर्षी आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या मामांनी मेलेलं रोप हातात घेतलं आणि म्हणाले, "उपटून टाकू नगा, आदी बुडका उकरून बघा की." आम्ही खुरप्यानं सावकाश उकरलं. महिनाभर जमिनीत राहिलेल्या त्या रोपाच्या मुळांचा आकार अजून कुंडीचाच होता. बाहेरची माती ओली होती आणि आतला कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा कोरडा ठणठणीत. एकही मूळ त्या गोळ्याबाहेर गेलेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे. या तक्रारीत बहुतेक वेळा दोष रोगाचा नसतो, पाणी कमी पडल्याचाही नसतो. कुंडीतली माती आणि जमिनीतली माती यांच्यामधल्या सीमेचा असतो. ती सीमा मोडली तर रोप जगतं. म्हणून कुठलंही औषध आणण्याआधी खालच्या क्रमानं तपासा.

आधी वेळ बघा

रोप कधी सुकतंय हे सगळ्यात आधी बघायचं. लावल्यानंतर पहिले पाच-सात दिवस भर दुपारी पानं लोंबली आणि सूर्य कलल्यावर परत ताठ झाली, तर घाबरू नका. मुळं कितीही जपली तरी त्यांचे बारीक केस लावताना तुटतात, आणि पानांना हवं तेवढं पाणी वर चढत नाही. यावर चार दिवस सावली हाच उपाय. जुनी सुती साडी किंवा पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट काठ्यांवर बांधा, अकरा ते चार या वेळेपुरती.

सकाळी सात वाजता, उन्हाचा कडाका नसताना रोप लोंबलेलं दिसलं तर मात्र प्रश्न मुळाशी आहे. आता खराट्याची एक लांब काडी घ्या. ती बुंध्यापासून दोन बोटांवर, म्हणजे जुन्या कुंडीच्या गोळ्यात खोचा आणि मिनिटभरानं काढा. मग तशीच दुसरी काडी बुंध्यापासून वीतभर अंतरावर, वाफ्याच्या मातीत खोचा. दोन्ही काड्या शेजारी धरून बघा. बाहेरची ओली आणि आतली कोरडी असेल, तर माझ्यासारखीच चूक झाली आहे. आतली चिखलानं माखून आली आणि तिला आंबूस वास आला, तर तीच चूक पावसाळी रूपात झाली आहे. दोन्ही काड्या सारख्याच ओलसर असतील तर मात्र रोग, कीड किंवा तणनाशक यांच्याकडे वळायचं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

गोळा कोरडा का पडतो?

गच्चीवरच्या कुंडीत आपण कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण भरतो. त्यातली छिद्रं मोठी असतात, पाणी भरभर खाली उतरतं. कोल्हापूरच्या आसपासची काळी माती अगदी उलट आहे. तिचे कण इतके बारीक की त्यांच्यातल्या फटी केसाहून लहान असतात, आणि लहान फट पाण्याला जास्त जोरानं ओढून धरते. समईतली वात तेल ओढते ना, त्याच गुणानं. त्यामुळे भुसभुशीत गोळा काळ्या मातीत बसवला की त्यातलं पाणी रोपाच्या मुळांना मिळण्याआधी भोवतालची माती खेचून घेते. कुंडीत एकदा पाणी घातलं की दिवस निघायचा. जमिनीत तोच गोळा दुपारपर्यंत कोरडा होतो. आपण वाफ्यात पाट भरून पाणी सोडतो ते बाहेरच्या मातीत मुरतं, आणि वाळून आक्रसलेल्या गोळ्यात शिरण्याऐवजी त्याच्या कडेच्या फटीतून खाली निघून जातं.

त्यात काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. लावल्यावर दोन पाण्यांत खंड पडला की गोळ्याभोवती अशीच बारीक भेग पडते. मुळाच्या टोकाला मातीऐवजी हवा लागते आणि ते तिथंच वाळतं.

पावसाळ्यात हीच सीमा उलटी वागते. जूनच्या शेवटी किंवा जुलैत, शहरात पाऊस आठवडाभर थांबत नाही तेव्हा, काळ्या मातीत केलेला खड्डा बादलीसारखा होतो. भोवतालच्या मातीत पाणी फार हळू मुरतं, आणि भुसभुशीत मिश्रणाच्या खड्ड्यात सगळीकडचं पाणी येऊन साठतं. मुळांना हवा मिळत नाही, दोन-तीन दिवसांत ती तपकिरी आणि मऊ पडतात. गंमत अशी की पाण्यात बुडालेलं रोपही तहानलेल्या रोपासारखंच लोंबतं, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पानं बघून पाणी घालायचं नाही. काडी बघून घालायचं.

आणखी एक चूक आपल्या हातून नकळत होते. ओल्या काळ्या मातीत खुरप्यानं खड्डा केला की त्याची भिंत चकचकीत, गुळगुळीत होते. कुंभार ओल्या हातानं मडक्याची कड सारवतो तशी. वाळल्यावर ती भिंत इतकी कडक होते की कोवळं मूळ तिला धडकून वळतं आणि आतल्या आतच गोल फिरत राहतं.

वाफसा

आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी या सगळ्यावर एकच शब्द करून ठेवला आहे, वाफसा. माती ना चिखल ना ढेकूळ, अशी जी मधली अवस्था असते तो वाफसा. ती ओळखायला मूठभर माती वीतभर खोलीवरून काढा, लाडवासारखी दाबा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. लाडू फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, आज लावा. तसाच चपटा बसला तर थांबा. लाडू वळलाच नाही आणि धूळच उडाली, तर आदल्या दिवशी वाफा भिजवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. पावसाळ्यात मला वाफशासाठी कधी दहा-बारा दिवस उघडीप होण्याची वाट बघावी लागली आहे. ते दिवस कुंडीत काढणं रोपाला परवडतं, चिखलात लावणं परवडत नाही.

घर नवं बांधलेलं असेल तर वाफा करण्याआधी निचरा बघणं मी सक्तीचं म्हणेन. आमच्या दारात वरची वीतभर माती चांगली होती आणि खाली बांधकामाचा डबर, सिमेंटचे गोळे, मुरूम दाबलेला. फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, आणि परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तिथंच असेल तर त्या जागी खड्ड्यात काही लावू नका. जमिनीच्या वर फूटभर उंचीचा, तीन फूट रुंदीचा गादीवाफा करा. तीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. काळ्या मातीवर ओलीत एकदा पाय पडला की तिथं दगड तयार झाला असं समजा.

सीमा मोडायची कशी

लावायच्या आठवडाभर आधी रोपाला उन्हाची सवय करा. गॅलरीत किंवा नेटखाली वाढलेलं रोप एकदम उघड्यावर नेलं की पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. ते उन्हानं भाजलेले असतात, बुरशी नव्हे, आणि त्यावर फवारणी करून उपयोग नसतो. पहिल्या दिवशी सकाळचं दोन तास ऊन, मग रोज तासभर वाढवत न्या. या दिवसांत पाणी थोडं ताणून घाला, पण रोप सुकू देऊ नका.

लावायची वेळ संध्याकाळची, पाचनंतर. आभाळ असेल तर उत्तमच. लावण्याआधी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. यानं आतला गोळा गाभ्यापर्यंत भिजतो. मग रोप काढा आणि गोळा नीट बघा.

टोमॅटोच्या बाबतीत इथं धीट व्हा. गोळ्याच्या चारही बाजूंनी बोटभर जाडीचं मिश्रण हलक्या हातानं झाडून टाका, म्हणजे मुळांची टोकं उघडी पडतील. तळाशी मुळांची चटई झाली असेल तर ती कापून टाका. कडेनं मुळं गोल फिरलेली असतील तर धारदार सुरीनं वरून खाली तीन-चार उभ्या चिरा द्या, नखभर खोल. हे करताना जीव खालीवर होतो, माझाही व्हायचा. पण गोल फिरलेलं मूळ जमिनीत गेलं म्हणून सरळ होत नाही, ते फिरतच राहतं. चिरलेल्या जागी चार-सहा दिवसांत नवी पांढरी मुळं फुटतात आणि ती सरळ बाहेरच्या मातीत जातात. वांगी आणि मिरची यांना एवढं सहन होत नाही. त्यांची कड नुसती बोटांनी मोकळी करा, तळाची चटई सोडवा, चिरा दोनच पुरेत.

दोडका, दुधी, कारलं, काकडी यांच्या मुळांना मात्र हात लावायचा नाही. वेलवर्गाची मुळं तुटली की पुन्हा सावरायला फार वेळ घेतात. यांची रोपं दोन-तीन पानांवर असतानाच गोळ्यासकट लावा. भेंडी आणि गवार यांचं तर कुंडीतून स्थलांतरच करू नका, त्यांचं बी सरळ वाफ्यात टोकणं चांगलं.

खड्डा खोल नको, रुंद हवा. कुंडीच्या दुपटीनं-तिपटीनं रुंद. भिंती हातातल्या काट्यानं किंवा खुरप्याच्या टोकानं ओरखडून खडबडीत करा. आणि इथं सगळ्यात महत्त्वाचं: खड्डा नुसत्या खतानं भरू नका. "खड्ड्यात पाटीभर शेणखत टाका" हा सल्ला सर्रास मिळतो, पण काळ्या मातीत नुसतं खत भरलेला खड्डा म्हणजे दुसरी कुंडीच. खड्ड्यातून निघालेली माती दोन पाट्या आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक पाटी, हे नीट एकत्र करून तेच परत भरा. शक्य असेल तर हे मिश्रण खड्ड्यापुरतं न ठेवता सगळ्या वाफ्यातच मिसळा. गोळ्यातून झाडलेलं कोकोपीटही त्यातच जाऊ दे. कुंडीतून जमिनीपर्यंत माती हळूहळू बदलत जायला हवी, एका रेषेवर नाही.

टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तिथून मुळं फुटतात, म्हणून तो खोल लावतात. हलक्या जमिनीत ते बरोबर आहे. भारी काळ्या मातीत सरळ खोल लावलं तर तळाशी गारवा आणि ओल राहून खोड कुजू शकतं. मी चार बोटं खोल चर काढते, खालची पानं काढून टाकून रोप त्यात तिरकं निजवते आणि शेंडा वर वळवते. दोन दिवसांत शेंडा आपोआप सरळ उभा राहतो. वांगी आणि मिरची मात्र कुंडीत होती त्याच पातळीला लावा. कलमी रोप असेल तर कलमाचा जोड कायम मातीच्या वर राहिला पाहिजे.

अंतर मोठं ठेवा. टोमॅटोला दोन फूट, वांग्याला अडीच, मिरचीला दीड. लावताना वाफा रिकामा दिसतो म्हणून मध्ये रोप घुसवायचा मोह होतो, तो आवरा. आणि ज्या रोपाला फळं लागली आहेत ती तोडूनच लावा, फुलंसुद्धा. फळं धरलेलं रोप नवी मुळं फारशी काढत नाही. खरं तर गुडघ्याएवढं होईपर्यंत थांबणंच चूक आहे. टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं, वीतभर उंचीचं असताना सगळ्यात सहज लागतं. मिरची-वांग्याला आणखी दहा-पंधरा दिवस द्या.

पाण्यासाठी मी प्रत्येक रोपाला दोन आळी, म्हणजे बुंध्याभोवती पाणी धरणारे गोल खळगे, करते. आतलं लहान आळं जुन्या गोळ्याएवढं, बाहेरचं हातभर रुंद. पहिले दहा दिवस आतल्या आळ्यात रोज सकाळी अर्धा तांब्या पाणी, अगदी सावकाश. बाहेरच्या आळ्यात तीन दिवसांतून एकदा. दहा दिवसांनंतर उलटं, आतलं कमी करत जायचं आणि बाहेरचं वाढवायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे बाहेर जातात. पावसाळ्यात आळं करायचंच नाही, उलट बुंध्याला मातीची भर देऊन उतार काढायचा.

आच्छादनाला आपल्याकडे उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, मुबलक आहे. दोन-तीन इंच जाडीचा थर द्या, बुंध्यापासून चार बोटं लांब. त्यानं भेगा पडायच्या थांबतात आणि ओल एकसारखी राहते. पण कच्चं पाचट मातीत मिसळू नका. ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र स्वतःसाठी वापरतात आणि रोप पिवळं पडतं. साखर कारखान्यात रस गाळून उरलेला ताजा गाळ, म्हणजे प्रेसमडही तसंच, ते कुजताना गरम होतं आणि मुळं भाजतात. ते आधी ढिगात नीट कुजवून, थंड झाल्यावरच वापरा.

लावून झालंय आणि रोप आत्ता सुकतंय

आठ-दहा दिवसांच्या आत असाल तर रोप वाचतं. गोळा कोरडा निघाला असेल तर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला सुईनं भोक पाडा, बाटली पाण्यानं भरून बुंध्याजवळ, बरोबर जुन्या गोळ्यावर उलटी खोचा. थेंब थेंब मुरलेलं पाणी गाभ्यापर्यंत जातं, तांब्यानं ओतलेलं जात नाही. कडेला भेग दिसली तर बारीक चाळलेली माती आणि गांडूळखत त्यात भरून वरून भिजवा. सावली करा, फुलं-फळं काढा, शेंड्याकडची काही पानंही कमी करा. युरिया किंवा कुठलंही रासायनिक खत या दिवसांत देऊ नका, मुळं धड नसताना ते मिठासारखं लागतं.

गोळा चिखलात बुडालेला असेल तर रोप काढून परत कुंडीत घ्या. तपकिरी मऊ मुळं कापा, कोरड्या मिश्रणात लावा, आठवडाभर सावलीत ठेवा. टोमॅटो असेल तर एक सोपी वाट आणखी आहे. शेंड्याची वीतभर निरोगी फांदी तोडा, खालची पानं काढा आणि ओलसर मातीत खोचा. दहा-बारा दिवसांत तिला मुळं फुटतात. आमच्या वाफ्यातली पाच झाडं अशाच तोडलेल्या शेंड्यांची आहेत.

काड्या सारख्याच ओलसर निघाल्या तर

रोप हातानं ओढल्यावर अलगद वर आलं आणि मुळंच जागेवर नसली, तर खाली हुमणी आहे. ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला तिची वेगळी ओळख द्यायला नको. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी. वळीव पडला की भुंगेरे बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, आणि त्यांच्या अळ्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुळं खातात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून त्या घरच्या वाफ्यातही येतात. खत चाळून घ्या. वाफा उकरून अळ्या वेचणं हाच घरगुती बागेत सगळ्यात खात्रीचा उपाय, जोडीला कुजलेल्या खतातून अळ्यांना मारणारी मेटारायझियम बुरशी द्या.

रोप सकाळी जमिनीलगत कापून पडलेलं दिसलं तर कुरतडणारी अळी. ती दिवसा बुंध्याजवळच्या ढेकळाखाली गोल होऊन पडलेली सापडते. लावतानाच खोडाभोवती पुठ्ठ्याची चार बोटं उंच नळी अर्धी मातीत गाडली की हा त्रास होत नाही.

हिरवंगार रोप दोन दिवसांत एकदम लोळलं आणि पानं पिवळीही झाली नाहीत, तर जिवाणूजन्य मर असू शकते. बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगता धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर शंका नको. हे रोप वाचत नाही. मुळांभोवतीच्या मातीसकट काढा, खताच्या ढिगात टाकू नका, आणि त्या जागी निदान तीन वर्षं टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका. तिथं मका, कांदा, मेथी घ्या. खालची पानं आधी पिवळी पडत, बरेचदा एकाच बाजूनं, सावकाश मर आली तर ती बुरशीची. खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेषा दिसतात. पुढच्या वेळी लावतानाच कुजलेल्या खतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी द्या, आणि त्याच आठवड्यात त्या मातीत बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर ट्रायकोडर्माही मरतो. बुंध्यावर पांढरी कापसासारखी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारखे गोळे दिसले तर ती बुडकुज आहे, अशा जागी आच्छादन बुंध्याला अजिबात टेकू देऊ नका. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत. तिथं एक हंगाम झेंडू लावा.

यापुढचं कारण कोल्हापूरच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. शेंड्याची पानं अरुंद, दोरीसारखी पिळवटलेली, देठ खाली वाकलेले, खोड वेडंवाकडं, असं अचानक झालं तर आपण विषाणूचा चुरडा-मुरडा समजतो. पण शेजारी ऊस असेल तर आधी टू-फोर-डी हे तणनाशक आठवा. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी ते सर्रास फवारतात, आणि टोमॅटोला त्याचा वाऱ्यावरचा अंशसुद्धा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत 'सुरू' नावाच्या हंगामातल्या उसाच्या लागणी होतात, तेव्हा आपल्या वाफ्यात टोमॅटो ऐन भरात असतो. चुरडा-मुरड्यात पानाच्या खाली पांढरी माशी सापडते आणि रोग एका झाडावरून दुसऱ्यावर हळूहळू जातो. तणनाशकात वाऱ्याच्या बाजूची सगळी झाडं एका आठवड्यात बिघडतात, शेजारचा झेंडू आणि गवारसुद्धा. शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा, वारा पडलेला असताना फवारा म्हणून विनंती करा. माझा अनुभव असा की आधी सांगितलं तर माणसं ऐकतात. आणि तणनाशकाचा पंप धुऊनसुद्धा भाजीला वापरू नका.

वाफा भरायला उसाच्या रानातली माती ट्रॉलीनं आणणार असाल तर अॅट्राझीन या तणनाशकाची शंका ठेवा. ते मातीत काही महिने राहतं. तपासायला सोपं आहे: ती माती दोन वाट्यांत आणि घरची माती दोन वाट्यांत भरा, सगळीकडे काकडीचं बी टाका, तीन आठवडे बघा. आणलेल्या मातीतली रोपं कडेनं पिवळी पडून करपली तर ती माती भाजीला घेऊ नका.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेल्या अंगणात तर हे हमखास. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट, त्यात थोडा लिंबाचा रस, अशी संध्याकाळी फवारणी केली की नवी पानं हिरवी येतात. मातीत ओतण्याचा फारसा उपयोग होत नाही.

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या तांबड्या जांभ्या मातीत राहणाऱ्यांना यातला बादलीचा त्रास फारसा होणार नाही, तिथं पाणी धरून ठेवणं हीच अडचण असते. खत जास्त मिसळा, आच्छादन जाड करा. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत मात्र कुंडीतून थेट जमिनीत लावूच नका, आणलेल्या चांगल्या मातीचा उंच गादीवाफाच हवा.

पुढच्या वर्षासाठी एक काम आजच करता येईल. बी रुजवून रोप मोठ्या कुंडीत घालाल तेव्हा मिश्रणात तिसरा हिस्सा त्या वाफ्यातलीच माती चाळून घाला, जिथं ते रोप नंतर जायचं आहे. कुंडी थोडी जड होते, पाणी जरा कमी लागतं, एवढाच फरक. पण मुळं पहिल्या दिवसापासून त्या मातीत वाढलेली असतात. मी हे करायला लागल्यापासून लावणीनंतर माझी रोपं दुपारीसुद्धा फारशी लोंबत नाहीत.

आणि लावल्यानंतर एकविसाव्या दिवशी बाहेरच्या आळ्याच्या कडेला बोटभर माती हळूच बाजूला करून बघा. पांढरी, केसाळ मुळं दिसली की आतलं आळं मोडून सपाट करा, पाचट जरा सरकवून खताचा पहिला हप्ता बाहेरच्या कडेला द्या, आणि झाडाला आधाराची काठी रोवा. मुळं दिसली नाहीत तर आणखी आठ दिवस आतलंच पाणी चालू ठेवा.